गोळी चालू, तरी साखर का उतरत नाही?



तुमच्या देणग्यांतून सातपुड्याच्या पाड्यांवर मधुमेहाची औषधे पोहोचतात. तेथे परिचारिका म्हणून फिरताना मला वारंवार ऐकू येते, "सिस्टर, औषध चुकवत नाही, तरी साखर उतरत नाही." अशा रुग्णाला बहुतेक जण एवढेच म्हणतात, "पथ्य पाळत नसशील." बोलणी खाऊन तो यायचा बंद होतो आणि आत डोळे, मूत्रपिंडे, पाय बिघडत राहतात. डोस ठरवणे डॉक्टरांचे काम. पण त्याआधी घरी बसून चार गोष्टी पाहणे आमचे काम आहे.

पहिली, साठवण. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचे असते. तापलेल्या पत्र्याखाली त्याचा जोर जातो. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत बसवलेले मातीचे मडके कामी येते. बर्फात मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

दुसरी, सिरिंज. बाटलीवर 40 लिहिले असेल तर सिरिंजही 40 चीच हवी. 100 च्या सिरिंजमध्ये त्याच आकड्यापर्यंत भरले तर निम्म्याहूनही कमी औषध जाते. रोज एकाच जागी टोचल्यास तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही.

तिसरी, दुसरा आजार किंवा दुसरे औषध. पायाची जखम किंवा क्षयरोग साखर वाढवतो. क्षयावरचे रिफाम्पिसिन ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा परिणाम कमी करते. सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड असेल तर तेही साखर चढवते.

चौथी, तपासणी. आदिवासी भागात सिकलसेल आढळतो. अशा रुग्णात तीन महिन्यांची सरासरी सांगणारी चाचणी फसवू शकते. साखर प्रत्यक्षाहून कमी दिसते. म्हणून उपाशीपोटी आणि जेवणानंतर बोटातले रक्त तपासावे लागते. त्याच्या पट्ट्या महाग पडतात आणि लवकर संपतात.

साखर वाढून उलट्या, धाप किंवा गुंगी आली तर मात्र थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे.

तेव्हा यापुढे देताना गोळ्यांबरोबर पट्ट्या, योग्य सिरिंजा आणि परिचारिकेच्या प्रवासाचा खर्चही लक्षात घ्या. आणि तुमच्या घरी कोणाची साखर उतरत नसेल, तर रागावण्याआधी या चार गोष्टी विचारा.