बुडखा

झाड तोडायला एक दुपार पुरते. त्याचा बुडखा काढायला किती दिवस लागतात, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. आमच्या दुसरबीडच्या घराच्या परसात एक कडुनिंब होता. दोन वर्षांपूर्वी तो तोडावा लागला. त्यानंतर त्याचा बुडखा काढण्यात अकरा दिवस गेले. आज त्या अकरा दिवसांविषयी बोलतो.

हा कडुनिंब कुणी लावलेला नव्हता. पाखरांनी टाकलेल्या निंबोळीतून तो आपोआप उगवला होता. पण १९७२च्या दुष्काळात तो जगवला अब्बांनी. मी तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. पुढचं सगळं अम्मीनं सांगितलेलं. अब्बा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात मिलो ज्वारीची भाकर, पोरांना सुकडी. पाणी तर हंड्या-हंड्यानं मोजून वापरायचं. पाणी नसेल तर मातीवर हात मारून तयम्मुम करण्याची मुभा आमच्या धर्मात आहे. अब्बा मात्र तांब्याभर पाण्यात वजू करत, आणि तोही त्या रोपाशेजारी उकिडवं बसून. हातापायांवरून ओघळलेलं पाणी रोपाच्या बुडाशी जाई. एकाच पाण्यात नमाजही व्हायची आणि झाडही जगायचं.

त्या झाडाखाली मी वाढलो. पलीकडच्या घरातले अण्णा अब्बांचे जिवलग. त्यांच्या पाडव्याच्या गुढीला डहाळी आमच्या झाडाची असे. डहाळी न्यायला त्यांचा मुलगा येई. तो माझ्याच वयाचा. दोघं मिळून आम्ही त्या झाडावर इतकं चढलो की कुठल्या फांदीवर पाय ठेवायचा हे डोळे मिटून सांगता आलं असतं.

अब्बा गेले, नंतर अण्णाही गेले. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात वादळ आलं आणि एक मोठी फांदी शेजारच्या टिनांवर कोसळली. कुणाला लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी अण्णांच्या मुलानं मला बोलावून मागची भिंत दाखवली. तीत बोट जाईल एवढा तडा होता. तो म्हणाला, "भाई, झाड तुमचं असंन, पण भिंत माही हाये."

बोलणं चुकीचं नव्हतं, तरी मला लागलं. पन्नास वर्षांत 'तुमचं झाड' हा शब्द त्या घरातून मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग एक दिवस मी फांदी तुटली होती तिथं चढून पाहिलं. आत ढोली होती, हात कोपरापर्यंत आत गेला. झाड आतून पोखरलं होतं. सिंदखेडराजा आमच्या शेजारी, त्यामुळे शिवकाळाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांबद्दल फार समजुतीनं लिहिलं आहे. आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडून तिला दुःख देऊ नये. एखादं अगदी जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावं. इथं धनी मीच होतो. मीच माझी समजूत घातली, रीतसर परवानगी घेतली आणि झाड तोडलं.

बुडखा तसाच ठेवायचा विचार होता. पण पावसाचे चार शिंतोडे पडताच सालीतून कोवळे फुटवे निघाले. खोडणारा कितीही खोडो, जमिनीखालचा साठा शाबूत असतो. आमच्या शेजारच्या तालुक्यात लोणारचं सरोवर आहे. उल्केच्या आघातानं झालेलं ते विवर जगभर माहीत आहे. २०२०च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी ते रामसर यादीत आलं. त्याच्या काठाला वेड्या बाभळीनं विळखा घातला होता. ही बाभूळ मूळ अमेरिका खंडातली, आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात आणलेली. तिला नुसती वरून छाटली, तर एका खोडाच्या जागी दहा फांद्या येतात, कारण तिचे डोळे जमिनीखाली, मुळाच्या माथ्याशी असतात. ती हटवायची तर वीतभर खालपर्यंत खणून, मुळाचा माथाच उपटावा लागतो. सरोवराकाठची बाभूळ काढायचं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा हाच धडा पुन्हा गिरवावा लागला.

मग मी गावात सल्ले गोळा केले. एक म्हणाला, जेसीबी बोलवा, अर्ध्या तासाचं काम. पण बुडख्यापासून भिंत सहा फुटांवर. यंत्रानं बुडखा ओढला असता, तर मुळांबरोबर भिंतही आली असती. दुसरा म्हणाला, गोवऱ्या रचून पेटवा. पण तसा विस्तव मुळ्यांमधून आतल्या आत कित्येक दिवस धुमसतो आणि वस्तीत तो कुठं निघेल याचा नेम नसतो. तिसऱ्यानं मीठ भरायला सांगितलं. मिठानं झाड मरतं, सोबत मातीही मरते. शेवटी विहिरी खणण्यात हयात घालवलेल्या एका म्हाताऱ्या मामांना गाठलं. ते म्हणाले, "आत्ता नको. दोन पाऊस पडू द्या."

त्यांचं बरोबर होतं. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती फुटून भेगाळते आणि ढेकूळ दगडासारखं लागतं. पावसात तिचा चिखल होतो. मधे वाफसा असतो, तेवढ्यात खणून घ्यायचं. जूनअखेर वाफसा आला तसे आम्ही लागलो. मी कुदळीनं, मामा पहारेनं.

मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. म्हणाले, "मुळी आधी धू, मंग तोड. माती लागली की धार जाते." तेव्हापासून बुडख्यापासून दोन हात अंतरावर गोल चर खणायचा, मुळी उघडी पडली की तांब्यानं पाणी ओतून धुवायची, आणि मग घाव घालायचा. माझ्या हातात तोच तांब्या आहे, हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. मी ते मामांना बोललो नाही.

झाडाला एक मोठं सोटमूळ असतं आणि ते सरळ पाताळात जातं, असा आपला समज असतो. मोठ्या झाडाच्या बहुतेक मुळ्या वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ पुढं जातात. आमच्या कडुनिंबाच्या मुळ्या चारी दिशांना होत्या, पण सारख्या नव्हत्या. घराकडच्या बाजूला मनगटाएवढ्या, आणि भिंतीकडं गेलेली एकच, माझ्या मांडीएवढी. सातव्या दिवशी ती उघडी पडली. अण्णांचा मुलगा भिंतीपलीकडून पाहत होता. मला वाटलं, झालं, आता पुरावाच मिळाला. मी कुदळ टाकून खाली बसलो.

मामा मात्र पलीकडं गेले, भिंतीच्या बुडाशी बसले आणि त्यांनी विचारलं, "हिकडं न्हाणी हाये का?"

न्हाणी होतीच. अण्णांच्या घरची, भिंतीला लागून. तिचं सांडपाणी पन्नास वर्षं त्याच जागी मुरत आलं होतं. मुळी नेमकी तिथंच गेली होती. मामा म्हणाले, "मुळी पाणी पाह्यते, धुरा नाही पाह्यत."

आमच्याकडं धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वीतभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. म्हणून हे वाक्य ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो. दुष्काळात झाड अब्बांच्या वजूच्या पाण्यावर जगलं, हे खरं. पण पुढची सगळी वर्षं ते अण्णांच्या न्हाणीच्या पाण्यावर पोसलं होतं. 'माझं झाड' म्हणून मी पंधरा दिवस रुसून बसलो होतो, त्याचं अर्धं दूध शेजारच्या घरचं होतं. आणि तडा? काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यात झाड तिच्यातलं पाणी ओढतं. मातीनं किती केलं आणि मुळीनं किती, याचा हिशेब कुणी मांडायचा?

कविसंमेलनांत मला कधी कधी कुणी विचारतं, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सांगतो, दुसरबीडचा. "तसं नाही, मूळचे?" असं पुन्हा येतं. पूर्वी मी चिडायचो. आता तो चर आठवतो. मूळ एका ठिकाणी सापडत नाही, ते जिथं जिथं पाणी मिळालं तिथं तिथं गेलेलं असतं. माझ्या मराठीतलं किती पाणी अम्मीच्या दखनी बोलीचं आणि किती अण्णांच्या ओसरीवर रात्री चालणाऱ्या पोथीचं, हे मलाही तोडून दाखवता येणार नाही.

त्या जाड मुळीचं काय करायचं, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. ती भिंतीखालून ओढून काढली असती, तर पायाखाली पोकळी झाली असती. मामांनी भिंतीच्या अलीकडे हातभर जागा सोडून ती कापली आणि पुढचा तुकडा मातीत तसाच राहू दिला. अकराव्या दिवशी दोर लावून चौघांनी बुडखा वर काढला. दोराच्या एका टोकाला अण्णांचा मुलगा होता. खड्डा मातीनं थोडा थोडा भरत, पायानं दाबत बुजवला. तड्याला सिमेंट लावलं, त्याचा खर्च दोघांत झाला.

मागच्या पावसाळ्यात सकाळी त्यानं भिंतीवरून हाक मारली. जखमी मुळीतूनही कडुनिंब फुटतो. त्याच्या न्हाणीशेजारी वीतभर फुटवा आला होता. "भाई, ठेवू का काढू?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तुझ्या पाण्यावर आलाय, तू ठरव."

त्यानं तो काढला. भिंत राखायची तर काढायलाच हवा होता. मग संध्याकाळी तो रोपवाटिकेतून कडुनिंबाचं एक रोप घेऊन आला. ते आम्ही त्याच्या शेतात, घरांपासून लांब, धुऱ्यावर लावलं. पाणी घालायला मी घरून तांब्या नेला होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)