ऑक्सिजनची नळी सुटल्यावर

एका कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एका आजींनी मला गाठलं. नातू सव्वीस आठवड्यांचा जन्मलेला, नाकाला नळी लावूनच घरी आलेला. ‘‘डॉक्टर, हे आता जन्माचं का हो?’’

बहुतेक वेळा नाही. बहुतेक मुलांची नळी पहिल्या-दुसऱ्या वर्षात सुटते. पण नळी सुटली म्हणजे दुखणं संपलं, असंही नाही.

बीपीडी (ब्रॉन्कोपल्मोनरी डिस्प्लेसिया) हे अशा बाळांच्या फुप्फुसांच्या आजाराचं नाव. 1967 साली स्टॅनफर्डच्या नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी तो पहिल्यांदा मांडला. ज्या व्हेंटिलेटरने आणि ऑक्सिजनने बाळं वाचवली, त्यांनीच फुप्फुसांवर व्रण ठेवले होते. त्या बाळांपैकी काही मोठी झाल्यावर नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनीच पुन्हा तपासली. 1990 च्या त्या अहवालात बहुतेकांच्या श्वासमार्गात काही ना काही अडथळा होताच. आज फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट आहे, आईला बाळंतपणाआधी देण्याची स्टेरॉइड्स आहेत. व्रण कमी झाले, पण वायुकोश कमी आणि मोठे राहतात. दिलासा हा, की जन्मानंतरची दोन-तीन वर्षं नवे वायुकोश झपाट्याने तयार होतात.

म्हणून या वर्षांतला धूर महागात पडतो. बाळंतपणाला आलेल्या आज्या रागावतील, पण सांगतोच. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून दिलेली धुरी या बाळाला नको. शेगडी नाही म्हणून तव्यावर केलेलीही नको. स्मोक अलार्म वाजतो तो बाळाच्याही वतीने! उदबत्तीही दुसऱ्या खोलीत. साधी सर्दी या मुलांना पहिली दोन वर्षं इस्पितळात नेऊ शकते. आरएसव्ही या श्वसनाच्या विषाणूपासून संरक्षण देणारं इंजेक्शन चुकवू नका. आणि परदेशात राहत असाल तर बारशाला भारतात न्यायची घाई करू नका. विमानातली हवा जवळजवळ आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

पुढे मूल शाळेत जातं, खेळतं, कधी धावताना इतरांआधी दमतं. फुप्फुसांची ताकद विशीत शिखरावर असते, मग उतरते. यांचं शिखर थोडं ठेंगणं. अशा मुलाने सिगारेट आणि व्हेप हातातही धरू नये.

मूल अठराचं होतं, बालरोगतज्ज्ञ सुटतात, नव्या डॉक्टरांना काहीच ठाऊक नसतं. तेव्हा एनआयसीयूचा (नवजात अतिदक्षता विभागाचा) डिस्चार्ज कागद पासपोर्टच्या फायलीत ठेवा, आणि त्या दिवशी मुलाच्या हातात द्या.