सुटी पाने, जोडलेली पाने
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



1917 साली परमपूज्य बाबासाहेब लंडनहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीवर होती. महायुद्धातील पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली आणि कष्टाने जमविलेल्या ग्रंथांना जलसमाधी मिळाली. 1956 साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा कित्येक हस्तलिखिते अपूर्ण राहिली होती. वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने 1979 पासून त्यांचे वाङ्मय खंडशः प्रसिद्ध केले. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ हा ग्रंथ 1987 च्या तिसऱ्या खंडात आला खरा; परंतु त्यातील काही नियोजित प्रकरणे हाती लागलीच नाहीत.

म्हणून येथील विद्यापीठांत प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी एक साधन सुचवितो. ते म्हणजे वैयक्तिक विकी. माओरी भाषा सप्ताहाच्या नावातील ‘विकी’ म्हणजे आठवडा. तो हा शब्द नव्हे. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे चटकन. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 साली पहिल्या विकीला हे नाव दिले. विकीत प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान असते आणि एका पानावरील शब्दातून दुसऱ्या पानावर जाता येते. 2004 साली निघालेली टिडलीविकी विनामूल्य असून तिचा सारा संग्रह एकाच फाईलमध्ये मावतो.

एक उदाहरण घेऊ. ‘महाड, 20 मार्च 1927’ हे एक पान. ‘वांगानुई नदी’ हे दुसरे. या नदीला न्यूझीलंडच्या संसदेने 2017 साली कायद्याने व्यक्तित्व बहाल केले. दोन्ही पाने ‘पाण्यावरील हक्क’ या तिसऱ्या पानाला जोडा. एकीकडे पाण्याला स्पर्श करण्याचा मानवी अधिकार, दुसरीकडे नदीला पूर्वज मानणाऱ्या लोकांचा दावा. या दोहोंत साम्य किती आणि भेद कोणता, हा प्रश्न तिसऱ्या पानावर उभा राहतो. संशोधनाचा आरंभ तेथेच होतो.

मात्र यंत्र विचार करीत नाही. उतारे चिकटवून विद्वत्ता येत नाही. वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे लागते. बाबासाहेबांच्या नावावर आज अनेक वाक्ये फिरतात. ज्या वाक्याचा खंड व पृष्ठ सांगता येत नाही, ते प्रबंधात घेऊ नका. रुग्णाच्या केसपेपरवर आम्ही डॉक्टर तारीख घालून सही करतो, कारण पुढचा डॉक्टर तोच कागद वाचून उपचार करणार असतो. तुमचे टिपणही असेच परक्या माणसाला उलगडले पाहिजे. त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. सर्व ग्रंथ एकाच बोटीवर चढवू नका.

आणि पहिले पान आजच उघडा. त्यावर आपल्या आजी-आजोबांचे गाव आणि त्यांच्या धम्मदीक्षेची आठवण त्यांच्याच तोंडून ऐकून लिहा. ते पान हरवले, तर पुन्हा शोधून देणारा संपादक आपल्याला लाभणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!