रस्त्याची कड आणि आपले कान

अमरावती-अकोला प्रवास आपल्यापैकी पुष्कळांनी एसटीच्या खिडकीशी बसून केला आहे. बडनेरा मागे पडले की गाडीची एकसुरी घरघर सुरू होते. कडेला झाड आले की ‘सप्’, पुढचे झाड आले की पुन्हा ‘सप्’. पुलाचा कठडा लागला की तोच आवाज लांबतो, धारदार होतो; कठडा संपताच कान मोकळे होतात. लहानपणी मला वाटायचे, झाडच बोलते. पुढे कळले, ते आपल्याच गाडीचा आवाज आपल्याला परत करते.

हा आवाज येतो कुठून? डांबरी रस्त्यावर गाडीने वेग घेतला की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज वरचढ ठरतो. तो कडेच्या वस्तूवर आदळतो आणि परततो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. भिंत ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर. त्याला सेकंदाचा पन्नासावा भागही लागत नाही. चिखलदऱ्याच्या दरीत हाक स्वतंत्रपणे परत येते, कारण तिथे अंतर मोठे असते. रस्त्यावर परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि फक्त त्याचा पोत बदलतो. तो बदल कान अचूक टिपतो.

वस्तूच्या आकारालाही महत्त्व आहे. १,००० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. लहर वस्तूपेक्षा बरीच मोठी असली तर वळसा घालून निघून जाते; लहान असली तर आदळून मागे फिरते. म्हणून विजेचा बारीक खांब केवळ चिरका आवाज परत करतो, तर कडुलिंबाचे जाड खोड भरीव.

आणि आपला कापूस! हंगामात जिनिंग कारखान्यासमोर गाड्यांची रांग लागते. तिथल्या पत्र्याच्या कुंपणाजवळून जाताना आवाज अंगावर येतो; कापसाने शिगोशीग भरलेल्या गाडीजवळ तोच आवाज मुका होतो. तंतूंमधल्या हवेत लहरी शिरतात, घर्षणाने त्यांची किंचित उष्णता होते आणि परत यायला फारसे काही उरत नाही.

रस्ते रुंद झाले, कड दूर सरकली. भिंतीचे अंतर दुप्पट झाले की परतणाऱ्या आवाजाची तीव्रता जवळजवळ चौथाईवर येते. जिथे झाडे तुटली, तिथला तो ‘सप्’ही गेला. झाड गेल्याचे डोळ्यांना सवयीने जाणवेनासे होते. कानांना मात्र ती जागा रिकामी लागते.

दृष्टिहीन माणूस पांढरी काठी टेकवत चालतो, तेव्हा त्या टकटकीच्या परतण्यावरून कुठे भिंत आहे आणि कुठे बोळ उघडला, हे ओळखू शकतो. ही शक्ती आपल्या कानांतही आहे. सततच्या हॉर्नखाली ती दबून जाते. म्हणून माझे मागणे एवढेच: विनाकारण हॉर्न वाजवू नका आणि रस्त्याच्या कडेला नवी झाडे लावा. उद्या एखादे लेकरू एसटीच्या खिडकीशी बसेल, तेव्हा त्याला एकामागून एक झाडे ऐकू आली पाहिजेत.