बुधाची बाजू

८ जून २००४ ला शुक्र सूर्यबिंबावरून गेला. त्याआधीचं शुक्राचं अधिक्रमण १८८२ सालचं, तेव्हा ते आधी पाहिलेलं असं कुणी हयातच नव्हतं. पुढचं ६ जून २०१२ ला झालं. त्या दिवशी आपल्याकडे सूर्य उगवला तोच तीट लावून. आता थेट ११ डिसेंबर २११७. तेव्हा शुक्राचा नाद सोडा. मी आज बुधाची बाजू मांडायला उभा आहे.

बुधाची अधिक्रमणं शतकात तेरा-चौदा होतात, पण आपल्या वाट्याला अर्धीमुर्धीच येतात. ९ मे २०१६ ला पावणेपाचच्या सुमारास सुरू झालं आणि बुध बिंबावर असतानाच सूर्य मावळला. ११ नोव्हेंबर २०१९ ला तर सुरू होण्याआधीच इथे दिवस बुडाला होता. या खेळात कुठे उभे आहात याला फार महत्त्व. जेरेमाया शेकर्ली नावाच्या इंग्रजाला हे नेमकं कळलं होतं. १६५१ चं अधिक्रमण होईल तेव्हा इंग्लंडात रात्र असणार आणि सुरतेत दिवस, हे त्यानं गणितानं ओळखलं. ३ नोव्हेंबर १६५१ ला त्यानं सुरतेतून दुर्बिणीनं बुध पाहिला. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती १६६४ मध्ये. त्याच्याही आधीची ही गोष्ट. १६३१ मध्ये पॅरिसला गासेंदी नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं पाहिलं, त्यानंतर जगात बुधाचं अधिक्रमण पाहिलं गेलं ते हेच.

आपल्याला सुरतेलाही जायला नको. १३ नोव्हेंबर २०३२, शनिवार. दुपारी बारा-सव्वाबाराला बुध बिंबात शिरेल आणि साडेचारनंतर, सूर्यास्ताला तासभर असताना, बाहेर पडेल. अख्खं अधिक्रमण इथून, आपल्या साखर कारखान्याच्या अंकुशनगरातून! पाऊस सरलेला, गळीत हंगामाचे दिवस. कारखान्याच्या चिमणीचा धूर कुठे वाहतोय ते आधी बघा, उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ असलेल्या रस्त्यापासून लांब जा, मगच दुर्बीण मांडा. ऊसतोड कामगारांच्या कोपीवरच्या पोरांनाही बोलवा.

नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातून बुध दिसणार नाही. शुक्र बिंबाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढा होता. बुध एकशे नव्वदाव्याहूनही बारीक. म्हणून लहान दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, क्षणभरसुद्धा नाही. दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घालून ठेवायचं. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म हे घरीच राहू द्या. वीस सेंटिमीटरचं बिंब पाडलंत तर बुध जेमतेम एक मिलिमीटरचा होईल. कागद सावलीत हवा, नाहीतर तेवढाही हाती लागत नाही.

बिंबावर आणखी काळं काही दिसलं तर गोंधळू नका. सूर्यडागाची कड पुसट, वेडीवाकडी असते आणि तो दुपारभर जवळपास जागेवरच राहतो. काळाकुट्ट, गोल आणि सरकणारा तो बुध.