चाकांवरच्या घरातून



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही "सहल" असे सांगितले. त्यावर ते जरा थांबले. काल ह्याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीचे निरूपण झाले, उद्या शेतमालाच्या भावाविषयी एक अभ्यासू गृहस्थ बोलणार आहेत, आणि मध्येच ही सहल! चिटणीसांचा संकोच आम्ही समजू शकतो. पण जे पाहिले तेच सांगावे, एवढीच आमची विद्या आहे. आपण ते सहन करून घ्याल अशी आशा आहे.

आम्ही मूळचे कापड्याचे. पोलादपूर सोडून महाबळेश्वरची वाट धरली की लागते ते कापडे. येथूनच एक फाटा उमरठकडे, तानाजीच्या गावाकडे जातो. आमचे घर रस्त्याला लागून आहे. लहानपणी आंब्याखाली बसून वर जाणाऱ्या मोटारी मोजणे हा आमचा उद्योग होता. "वर" म्हणजे महाबळेश्वर. ह्या खोऱ्यात त्याला दुसरे नाव लागत नाही. मोटारी वर जात, माणसे हसत जात, आणि आम्ही धूळ खात मोजत असू. त्या मोटारीत आपणही कधी बसू, असे मात्र कोणाच्या मनात आले नाही. आमच्याकडची माणसे वर गेली ती काही विकायला किंवा मजुरीला. सहलीला जाणारी माणसे वेगळी, अशी आमची पक्की समजूत होती.

ती समजूत मोडली आमच्या पुतण्याने. तो कॅलिफोर्नियात असतो. त्याने बायकामुलांसह मोठी गाडी भाड्याने घेतली आणि योसेमिटीच्या डोंगरांत आठ दिवस काढले. त्या गाडीत निजायला फळ्या, स्वयंपाकाला शेगडी, नहाणीसुद्धा. त्याने फोटो धाडले आणि आमच्या घरातल्या दोन्ही मुलांनी हट्ट धरला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हापासून अशा गाड्या आपल्याकडेही भाड्याने मिळू लागल्या आहेत. आम्ही पुण्याहून एक ठरवली. मे महिन्याचे दहा दिवस. आम्ही, आमच्या सौ., दोन मुले, चालवायला एक मामा, आणि आई.

आईला न्यायचे की नाही, ह्यावर घरात बराच खल झाला. तिचे वय पंचाहत्तरीला आले आहे आणि गुडघे ऐकत नाहीत. पण मुले म्हणाली, "आजी नाही तर आम्ही नाही." आईने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावली आणि विचारले, "ह्याला उंबरा कुठाय?" उंबरा नव्हता. एक पत्र्याची पायरी तेवढी होती. तिने त्या पायरीला हळदकुंकू वाहिले आणि ती आत चढली. मामांनी पुढे दहा दिवस ते पुसले नाही.

आंबेनळी घाट आपणा सर्वांच्या पायाखालचा आहे, त्याचे वर्णन आम्ही काय करावे? तिथल्या वळणांवर लांब गाडी वळवताना मामांना दोनदा मागे घ्यावी लागली आणि फडताळातली भांडी खाली आली. एका ठिकाणी मात्र सगळे गप्प झाले. २८ जुलै २०१८ रोजी सहलीलाच निघालेल्या तीस जणांचा ह्या घाटात अंत झाला. त्यानंतर २०२१ च्या जुलैत डोंगर खचले, रस्ता तुटला आणि आपल्या तालुक्यांतली माणसे दरडीखाली गेली. त्या दिवसांविषयी ह्या सभागृहात बोलायला आम्ही लायक नाही. येथे असे लोक बसले आहेत की ज्यांनी ती माती हातांनी उपसली.

महाबळेश्वरात आमच्या घराला जागाच मिळेना! चाकांवरचे घर म्हटले की माणसाला वाटते, आता आपण स्वतंत्र झालो, वाटेल तेथे थांबू. ही मोठीच फसवणूक आहे. घर कोठे तरी उभे करावे लागते, आणि जेथे उभे करावे ती जमीन कोणाची तरी असते. बाजारात शिट्टीवाला हाकलतो, हॉटेलवाला खोली घेतल्याखेरीज अंगणात उभे राहू देत नाही, आणि ऐंशी लिटरची टाकी संध्याकाळपर्यंत कोरडी होते. शेवटी रात्री नऊला आम्ही तापोळ्याच्या उताराला लागलो आणि एका शेतकऱ्याने आपल्या रिकाम्या खाचरात गाडी लावू दिली. पैसे विचारले तर म्हणाला, "रात्रीच्या पाव्हण्याकडून काय घ्यायचं?" सकाळी त्याच्या घरच्या बायका गाडी बघायला आल्या. संडास आतच आहे हे ऐकून एकीने नाकाला पदर लावला. जेथे शिजवायचे तेथून चार हातांवर हे, म्हणजे काय!

तापोळ्याला आम्ही थांबलो, त्यामागे एक कारण होते, आणि ते मुलांना ठाऊक नव्हते. आईचे माहेर कोयनेच्या काठचे. १९५४ मध्ये कोयनेच्या कामाला आरंभ झाला. पुढच्या दशकात धरण उभे राहिले, १०५ अब्ज घनफुटांचा शिवसागर भरत गेला आणि तापोळा-बामणोलीच्या टापूतली गावे हलली. कोणी वर डोंगरात सरकले. कोणी सोलापूरकडे गेले, कोणी ठाणे जिल्ह्यात, तर कोणी आपल्या कुलाबा जिल्ह्यातही आले. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिची धाकटी बहीण बापाबरोबर ठाणे जिल्ह्यात गेली. आईला मात्र मामाने कापड्याला ठेवून घेतले आणि पुढे येथेच दिली. तापोळे कापड्याहून एका दिवसात जाऊन यावे असे, तरी साठ वर्षांत ती तिकडे गेली नाही. विचारले तर म्हणे, "माहेरला जायचं, पण कुठं?"

आम्ही लाँच ठरवली. मे महिन्यात पाणी उतरलेले असते, काठाला लाल चिखलाचे पट्टे पडतात आणि त्यांत जुन्या शेतांचे बांध ओळीने दिसू लागतात. आई नावेच्या मधोमध बसली होती. ती खाली पाण्याकडे पाहीना, वर डोंगरांकडे पाहत होती. बराच वेळ गेला. मग एका सोंडेकडे बोट करून म्हणाली, "ह्यो आमचा. पण एवढा ठेंगणा नव्हता." आमच्या धाकट्याने विचारले, "आजी, डोंगर कसा ठेंगणा होईल?" आणि विचारता विचारताच ते त्याच्या ध्यानात आले असावे. तो पाण्याकडे पाहू लागला. डोंगर होता तेवढाच होता, त्याचे पाय पाण्यात होते.

आई रडली नाही. तिने नावाड्याला कडेला घ्यायला सांगितले, पण चिखल फार, तेव्हा उतरता आले नाही. ओंजळभर पाणी घेऊन तिने ते पुन्हा सोडले. आमच्या मनात त्या वेळी दुसराच एक विचार घोळत होता, तोही सांगून टाकतो. कोयनेची वीज मुंबईला गेली. वडील तेथे गिरणीत होते आणि चाळीतल्या ज्या दिव्याखाली आम्ही अभ्यास करून परीक्षा दिल्या, त्या दिव्यात हे पाणी होते. आई तो दिवा रोज संध्याकाळी लावी आणि नमस्कार करी. हे दोन्ही आम्हाला शेजारी ठेवता येत नाही, आणि वेगळेही करता येत नाही.

तेथून मेढा, सातारा, उंब्रज, पाटण करीत आम्ही कोयनानगरला गेलो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाच्या खुणा मुलांना दाखवायचा बेत होता, पण त्यांना पोहायचे होते. ते एक असो.

पुढे चांदोली. वारणेच्या धरणामागचे हे अरण्य १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. सुमारे ३१८ चौरस किलोमीटर. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ही अरण्ये जागतिक वारसा म्हणून मानली गेली. मुलांना वाटत होते, अमेरिकेतल्यासारखे आपणही गाडी घेऊन झाडीत शिरू आणि रात्री वाघाची डरकाळी ऐकत शेगडीवर चहा करू. नाक्यावरच्या वनरक्षकाने आमची गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि शांतपणे सांगितले, "घर बाहेर ठेवा. माणसं जीपमधून आत जातील आणि उजेडी परत येतील."

मुले हिरमुसली. आई मात्र मोठ्याने हसली. म्हणाली, "आमाला बी असंच सांगितलं व्हतं. पर परत यायचं न्हवतं."

वनरक्षक काही बोलला नाही. बरोबर जो वाटाड्या मिळाला, तो उद्यानासाठी उठवलेल्या एका गावातल्या घरचाच मुलगा निघाला. ही गावे धरणापायी आणि अरण्यापायी उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाची भांडणे पुढे कित्येक वर्षे चालली. झोळंबीच्या सड्याकडे जाताना त्याने जीप थांबवून गवतातली जोती दाखवली. एका जोत्यावर करवंदीची जाळी होती. जुन्या खाचरांत गवत माजले होते आणि त्या गवतात गव्यांचा एक कळप चरत होता. आजूबाजूला दाट झाडी असताना गवे नेमके येथेच कसे, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "साहेब, ही आमची भातशेती. नांगर थांबला, गवत आलं, गवत आलं म्हणून गवा आला." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. गव्यांचा त्याला अभिमानच होता, आणि महिन्याचा पगारही त्या गव्यांवरच होता. तरी जोते दाखवताना त्याने चप्पल काढली होती, हे आमच्या सौ.नी पाहिले. आम्ही पाहिले नव्हते.

घरी पुतण्याला फोनवर हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "काका, येथेही असेच आहे." योसेमिटीचे राष्ट्रीय उद्यान १८९० मध्ये झाले. त्याच्या एकोणचाळीस वर्षे आधी, १८५१ मध्ये, तेथल्या मूळ रहिवाशांना सशस्त्र तुकडीने खोऱ्यातून हुसकले होते. तो फलक त्याने वाचला होता, पण फोटो काढला नव्हता. निर्जन अरण्य पाहायला आपण जातो, पण ते निर्जन कसे झाले ते फोटोत येत नाही. आमचा अरण्याला विरोध नाही, हे मुद्दाम सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावरची झाडी गेली तर कोयना, वारणा आणि आपली सावित्रीही उन्हाळ्यात आटेल, आणि २०२१ सारखे पाऊस आले तर काय होते ते कापड्याच्या माणसाला शिकवायला नको. आमचे म्हणणे एवढेच की तिकीट घेताना खिडकीवर ह्या गावांची नावे तरी लिहिलेली असावीत.

राधानगरी-दाजीपूर हे अभयारण्य १९५८ पासूनचे, आणि रमणीय आहे. तेथे एक रात्र काढून आम्ही फोंडा घाट उतरलो, आणि कणकवलीहून महामार्गाने, कशेडीचा बोगदा पार करून पोलादपुरात आलो. घाट चढायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या तुलनेत बोगदा म्हणजे एक डुलकी.

आता खर्चाचे. आईने परतल्यावर भाड्याचा आकडा विचारला. आम्ही तो थोडा कमी करून सांगितला, तरी तिने तोंडात बोट घातले. तिच्या बापाला घर, गोठा आणि जमीन मिळून जी रक्कम मिळाली होती, ती तिला अजून पाठ आहे. आम्ही ती येथे सांगत नाही. पुढल्या वर्षी एवढी मोठी गाडी घ्यायची नाही, असे ठरले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या मावशीला आणायचे आणि साध्या मोटारीने तापोळ्याला जायचे. मुलांचे म्हणणे, ऑक्टोबरात जावे, तेव्हा सरोवर काठोकाठ भरलेले असते. आईचे म्हणणे, मे महिन्यातच. तेव्हा बांध वर येतात, आणि चिखल सुकला असेल तर उतरताही येईल.