तांदूळ, चवळी आणि ज्वारीचा पाला

(धर्मग्रामाच्या महोत्सवदिनी, दुपारच्या प्रीतिभोजनापूर्वी सभामंडपात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आम्ही काही उपदेशपर बोलावे अशी व्यवस्थापक मंडळींची अपेक्षा असणार, हे आम्ही जाणून आहो. परंतु सकाळच्या मिस्सेत प्रवचन झाले आहे, तेही उत्तम झाले आहे, आणि आता मंडपामागून शिजत्या अन्नाचा वास येऊ लागला आहे. भुकेल्या माणसापुढे दुसरे प्रवचन ठेवणे निर्दयपणाचे होईल. म्हणून आम्ही अन्नाविषयीच बोलणार. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात आमची नऊ वर्षे मिशनकार्यात गेली. त्यांपैकी सहा उत्तरेकडील तामाले शहराच्या परिसरात. तेथील एका अन्नाचे आम्ही ऋणी आहो, आणि त्या ऋणात आमचा एक अपराधही मिसळलेला आहे. तो आज आपल्या माणसांपुढे बोलून टाकावा असे मनात आले.

त्या अन्नाचे नाव वाचे. आपल्याकडील अभंगांतून 'वाचे' हा शब्द नाम घेणाऱ्या जिभेसाठी येतो. तिकडेही तो जिभेच्याच कामी येतो, एवढेच साम्य. हौसा भाषेत 'शिंकाफा' म्हणजे तांदूळ आणि 'वाके' म्हणजे चवळी. 'शिंकाफा दा वाके', तांदूळ आणि चवळी, हे पूर्ण नाव. बोलता बोलता तांदूळ गळाला, चवळी राहिली, आणि घानातील लोकांच्या तोंडी 'वाके'चे 'वाचे' झाले. उत्तरेकडून व्यापारासाठी आलेल्या हौसा मुसलमानांच्या वस्त्या त्या देशात गावोगावी आहेत. त्यांस झोंगो म्हणतात. त्या वस्त्यांतून हे अन्न बाहेर पडले आणि साऱ्या देशाचे झाले. राजधानी अक्रा येथे सकाळी वाचेच्या पातेल्यापुढे कचेरीतील साहेब, शाळकरी मूल आणि हमाल एकाच रांगेत उभे असलेले आम्ही कितीदा पाहिले आहेत. ख्रिस्ती आणि मुसलमान हा भेद त्या रांगेत कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच की, अंडे शिल्लक आहे का.

तामालेस पोहोचल्यावर चौथ्या दिवशी आमचे धर्मशिक्षक आम्हांस पहाटेच रस्त्याकाठच्या एका छपराखाली घेऊन गेले. तेथे एक प्रौढ बाई भल्यामोठ्या पातेल्यापाशी बसल्या होत्या. सर्व गाव त्यांस हाजिया म्हणे. हजची यात्रा करून आलेल्या स्त्रीस तिकडे ही मानाची हाक आहे. त्यांनी झाकण काढिले. आत तांबूस, काळसर छटेचा भात, त्यात चवळीचे दाणे, आणि त्यावर आम्हांस काय दिसावे, तर ज्वारीचा वाळलेला पाला! आम्ही पुण्यास सेमिनरीत शिकलो. कडब्याने भरलेल्या गाड्या आमच्या डोळ्यांखालून नेहमी जात. आमच्या तोंडून इंग्रजीत शब्द निघून गेले, "हे तर गुरांचे खाणे!"

हाजियांस इंग्रजी कळत नसावे असे आम्ही मनाशी धरिले होते. त्यांस ते चांगले कळत होते. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्या वाट्याच्या भातातून त्यांनी पाल्याचा कणन् कण वेचून काढिला आणि पुडी आमच्या हाती दिली. धर्मशिक्षकांनी आमच्याकडे पाठ करून आपली न्याहरी संपविली. त्यानंतर दोन वर्षे आम्ही त्या छपराखाली जात असू, आणि दोन वर्षे आमची पुडी तशीच निवडून मिळत असे. इतरांशी हाजिया हसून बोलत, आमच्याशी हिशेबापुरते. त्यांनी अन्न नाकारिले असते तर आम्ही क्षमा तरी मागितली असती. तशी संधी त्यांनी दिली नाही, आणि ती आपण होऊन शोधावी एवढे धैर्य आमच्यात नव्हते.

आता त्या पाल्याविषयी. तो वाटेल त्या ज्वारीचा नव्हे. ताटाला वेढून असणारा पानाचा जो खालचा भाग, त्यात गडद लाल रंग साठविणारी एक निराळी जात तिकडे पेरतात. हौसा लोक तिला 'कारान दाफी' म्हणतात. याच रंगाने ते कातडे रंगवितात, आणि बेनिन देशात पनीरासारख्या एका पदार्थास लाली आणतात. वाचेत हा पाला रंग देतो आणि एक मंद, मातकट सुवास देतो. त्याच्या जोडीला चिमूटभर 'कान्वा' लागतो. हा खनिज खार होय. चाड सरोवराच्या प्रदेशातून तो पूर्वीपासून व्यापारी तांड्यांबरोबर दूरवर जात आला आहे. आपल्या घरचा पापडखार जवळजवळ तेच काम करील. खाराने दाण्याची घट्ट बांधणी सैल पडते, चवळी लवकर शिजते, आणि पाल्याचा रंग अधिक गडद उतरतो. मात्र हात सैल सुटला तर भाताला साबणाची चव येते आणि दाण्यातील ब१ जीवनसत्त्व नाहीसे होते. म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच, मूठ नव्हे.

ही सर्व विद्या आम्हांस उशिरा मिळाली, आणि जी मिळाली ती एका फजितीतून. आमच्या मिशनठाण्याच्या आश्रयदात्या संताचा सण आला. मिस्सेनंतर तीनशे माणसांस जेवू घालावयाचे होते. पैसे थोडे. वाचे विकत घेण्याऐवजी आपल्या वसतिगृहातील मुलांकडून ते करून घ्यावे, अशी काटकसरीची कल्पना आम्ही काढिली आणि स्वतः मुख्य आचारी झालो. ज्याने आयुष्यात चहापलीकडे काही केले नाही, अशा माणसास हे धाडस सुचते याचे कारण एकच. पातेल्यापाशी बसलेली बाई पाहून त्यास वाटते की, यात अवघड ते काय? आम्ही चवळी भिजत घातली नाही. तांदूळ, चवळी, पाला आणि पाणी ही सर्व एकदम चुलीवर चढविली. मध्यरात्री तांदळाची खळ झाली होती आणि चवळी दाताखाली खड्यासारखी वाजत होती. खार घातला तर सुधारेल असे वाटून आणखी घातला. पुढे काय झाले हे तुम्ही ओळखलेच असेल.

पहाटे तीन वाजता आम्ही झोंगोत हाजियांच्या दाराशी गेलो. त्या जाग्याच होत्या. वाचे करणाऱ्या बाईची चूल त्याच वेळी पेटते, कारण दिवस उजाडताच गिऱ्हाइके येतात आणि नऊ-दहा वाजेपर्यंत पातेले रिकामे होते. आम्ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी कंदील वर करून आमचे तोंड पाहिले आणि इंग्रजीत विचारिले, "गुरांचे खाणे आणले आहे का, फादर?"

आम्ही मान खाली घातली. क्षमेचे शब्द आम्ही तेव्हा उच्चारिले, दोन वर्षांनी. त्यांनी ते ऐकून घेतले आणि रात्रभर भिजलेल्या चवळीची घमेली आमच्या गाडीत चढवावयास सांगितली. ती चवळी त्यांच्या त्या दिवसाच्या विक्रीची होती. त्या सकाळी त्यांच्या छपराखाली चूल पेटली नाही.

त्यांनी जे केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, म्हणून सांगू शकतो. भगिनींनी लक्ष द्यावे. बंधूंनीही दिल्यास हरकत नाही. चवळी एक माप, तर तांदूळ दोन मापे. चवळी निवडून, भुंगा लागलेले दाणे टाकून रात्री भिजवावी. पाला धुऊन वीतभर तुकडे करून त्याची जुडी बांधावी. चवळी, पाला आणि चिमूटभर खार असे भरपूर पाण्यात शिजू द्यावे. पाणी आधी गुलाबी, मग दारूसारखे लाल, शेवटी जवळजवळ काळे होते. दाणा बोटांत दाबला असता दबेल पण फुटणार नाही, अशी वेळ आली की ती चवळीची वेळ. येथेच सारे कौशल्य आहे. हाजिया घड्याळ पाहत नसत. पळीवर चार दाणे काढीत, एक दाबीत आणि पुन्हा झाकण ठेवीत. मग धुतलेले तांदूळ आणि मीठ घालावे. पाणी तांदळाच्या वर दोन बोटे राहील इतकेच असावे. अधिक असेल ते आधीच काढून ठेवावे, फेकू नये, कारण पुढे कमी पडल्यास तेच रंगीत पाणी शिंपडावयाचे असते. पाणी आटत आले की निखारे ओढून घ्यावेत आणि झाकणाखाली केळीचे पान घालून वाफेवर मुरू द्यावे. ढवळू नये. आमच्या एका उत्साही मुलाने पळी घातली तेव्हा हाजियांनी त्याच्या हातावर जी चापटी मारिली, तिचा आवाज आम्हांस अजून आठवतो.

आमच्या बिघडलेल्या पातेल्याचे काय करावे असे विचारिले, तेव्हा त्यांनी ते चाखून पाहिले, तोंड वाकडे केले आणि कोंबड्यांकडे बोट दाखविले.

वाचे नुसते खात नाहीत. गिऱ्हाईक पातेल्यापुढे उभे राहून एकेक जिन्नस सांगत जाते आणि बाई वाढीत जाते. उकडलेले अंडे, तळलेली पिकली केळी, मासळी, 'वेले' म्हणजे शिजविलेले गाईचे कातडे, 'तालिया' म्हणजे आपल्या शेवयांच्या जातीचा पदार्थ, आणि 'गारी', जी कसावाचा कंद किसून, आंबवून, पिळून, भाजून करितात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा. सर्वांवर 'शितो'. हे नाव गा लोकांच्या भाषेतील असून त्याचा अर्थच तिखट असा आहे. सुक्या मासळीची आणि सुक्या कोळंबीची पूड, कांदा, आले, मिरची ही तेलात काळी होईपर्यंत परतून ते करितात. आमच्या जिभेवर तो पहिल्यांदा पडला तेव्हा आम्हांस आमच्या आईची जवळ्याची चटणी आठवली, आणि परमुलखातील ती पहिलीच सकाळ अशी होती की, घरची आठवण येऊनही वाईट वाटले नाही.

यात नवल कमी आहे. पोर्तुगीजांनी घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे 1482 साली किल्ला बांधिला. 1534 साली तेच लोक आमच्या वसईस मालक होऊन बसले. मिरची आणि कसावा या अमेरिकेतील वस्तू त्यांच्याच गलबतांनी जगभर नेल्या. त्या काळात धर्म आला आणि गुलामगिरीही वाढली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. एल्मिनाच्या त्याच किल्ल्याच्या तळघरांतून पुढे असंख्य माणसे गुलाम म्हणून समुद्रापार गेली. त्या लोकांबरोबर चवळी गेली, आणि आज अमेरिकेच्या दक्षिण भागात नववर्षदिनी चवळी-भात खाण्याची जी रीत आहे तिचे मूळ आफ्रिकेच्या या किनाऱ्याकडे जाते.

तामालेहून दक्षिणेस कुमासीच्या वाटेवर किंताम्पो नावाचे गाव लागते. त्या भागातील प्राचीन वस्त्यांच्या उत्खननात साडेतीन हजार वर्षांहून जुने चवळीचे दाणे मिळाले आहेत. चवळी ही मुळात आफ्रिकेची. आणि ज्वारी? तीही तिकडचीच, सुदानच्या पूर्व भागात पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती पिकास लाविली, आणि तेथून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. देशावरील शेतकरी जिच्या भाकरीवर पिढ्यान् पिढ्या जगला, ती ज्वारी हाजियांच्या खंडातून आलेली आहे. हे आम्ही पुढे पुस्तकांतून वाचले. तेव्हा आम्हांस कळले की, त्या पहाटे आम्ही ज्यांस गुरांचे खाणे दाखवीत होतो, त्यांच्याच मुलखाने आम्हांस माणसांचे खाणे दिले होते.

सणाचे जेवण उत्तम झाले, हे सांगावयाचे राहिले. तीनशेंऐवजी चारशे माणसे आली आणि पुरले. संध्याकाळी आम्ही हिशेब करण्यास गेलो. हाजियांनी तांदळाचे पैसे घेतले, चवळीचे घेतले, सरपणाचेही घेतले. कष्टाचे किती, असे विचारिले तेव्हा गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवास आमच्या दवाखान्यात औषध मिळाले होते, त्याची आठवण त्यांनी करून दिली. पाल्याचे पैसे देऊ केले तेव्हा मात्र त्या हसल्या. पाल्याचे नकोत, म्हणाल्या. दुसऱ्या सकाळी आम्ही न्याहरीस गेलो, तेव्हा आमच्या पुडीत भातावर वीतभर पाला तसाच होता.

असो. आता मंडपामागे जो वास येत आहे तो कशाचा, हे सांगून आम्ही खाली बसतो. आपल्या महिलामंडळाने आमच्या विनंतीवरून आज इतर पक्वान्नांबरोबर एक पातेले वाचेचे केले आहे. चवळी काल रात्री भिजली. पहाटे चार वाजता चुलीवर चढली, आणि आम्हांस पळी हाती धरू दिली नाही, हे योग्यच झाले. ज्वारीचा पाला सोलापुराकडील एका स्नेह्याने पाठविला. आपल्याकडील ज्वारीत तो रंग नाही, त्यामुळे भात हवा तसा लाल उतरलेला नाही, फिका आहे. पाहणाऱ्यांनी नावे ठेवू नयेत. शितोच्या जागी जवळ्याची चटणी आहे. पातेले लहान आहे, तेव्हा ज्यांस चाखावयाचे असेल त्यांनी उजवीकडच्या रांगेत आधी यावे, आणि पानात पाल्याचा तुकडा आल्यास तो काढून बाजूस ठेवावा. तो खावयाचा नसतो.